चेक इंजिनचा दिवा लागला : सेन्सर बदलायचा, की आधी विचारायचं?

आम्ही दोघं भाऊ कोल्हापुरात गॅरेज चालवतो. आज माइकसमोर आमच्यातला एकच उभा आहे, दुसऱ्याला गॅरेज उघडं ठेवायचं होतं. पण बोलणं दोघांचं समजा. जे सांगणार आहोत ते दोघांनी मिळून शिकलेलं आहे, आणि त्यातलं काही चुका करून शिकलेलं आहे. ती चूकही सांगू.

सुरुवात एका गुरुजींपासून करतो. निवृत्त प्राथमिक शिक्षक, गारगोटीकडचे. पत्नीला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी कोल्हापुरात आणायचं, जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर. गाडी जुनी पेट्रोल सेदान, २०१४ ची. एक दिवस डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला, इंजिनाच्या चित्राचा. गुरुजी एका सर्व्हिस सेंटरला गेले. तिथे स्कॅनर लावला, दहा मिनिटांत कागद हातात दिला : दोन्ही ऑक्सिजन सेन्सर बदलणे, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर साफ करणे, थ्रॉटल बॉडी साफ करणे, लेबर धरून ३४,००० रुपये. गुरुजी तो कागद घडी करून खिशात घालून आमच्याकडे आले आणि म्हणाले, "अहो, गाडीचे बाजारात दीड लाख येतील. त्यातले चौतीस हजार या दिव्यालाच घालवू का? का विकूनच टाकू?"

बघा, माणूस प्रश्न कुठला विचारतोय. दुरुस्ती करू की गाडी विकू. आम्ही म्हटलं, गुरुजी, त्याच्या आधी एक प्रश्न राहिलाय. सेन्सर खराब आहे हे कशावरून?

ते म्हणाले, "कॉम्प्युटरनंच सांगितलं की."

आजचं सगळं बोलणं या एका वाक्याभोवती आहे. कॉम्प्युटरनं ते सांगितलेलं नसतं.

गुरुजींच्या गाडीत जो कोड आला होता तो होता पी ०१७१. या कोडाचा अर्थ जगभर एकच : मिश्रण लीन आहे. म्हणजे इंजिनात जळणाऱ्या हवा-पेट्रोलच्या मिश्रणात हवा जास्त किंवा पेट्रोल कमी. बस, एवढंच. आता ही तक्रार केली कोणी? एक्झॉस्ट पाइपवर बसलेल्या ऑक्सिजन सेन्सरनं. तो धुरात उरलेला ऑक्सिजन मोजतो आणि ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, कळवतो. आणि आपण काय करतो? तक्रार आणणाऱ्यालाच बदलून टाकतो. घरात गॅसचा वास आला म्हणून कोणी नाकावर ऑपरेशन करतं का?

(हशा)

हसण्यासारखं आहे, पण ३४,००० रुपये मोजल्यावर हसू येत नाही.

हा सेन्सर नेमकं काय करतो ते थोडं समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. कन्व्हर्टर नीट चालायचा तर हे प्रमाण जवळजवळ अचूक ठेवावं लागतं, आणि ते डोळ्यांनी किंवा कानानं जमत नाही. बॉश कंपनीनं १९७६ साली यासाठी लॅम्डा सेन्सर बाजारात आणला, तो पहिल्यांदा व्होल्वोच्या गाडीत बसला. आत झिर्कोनियाची, म्हणजे एक प्रकारच्या सिरॅमिकची, छोटी टोपी असते. एका बाजूला धूर, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये फरक पडला की त्यातून थोडा विद्युतदाब तयार होतो. मिश्रणात पेट्रोल जास्त असेल तर ०.९ व्होल्टच्या आसपास, हवा जास्त असेल तर ०.१ च्या आसपास. ईसीयू ते वाचतो आणि पेट्रोल थोडं कमी, थोडं जास्त करत राहतो. सेकंदाला एखाद-दोन वेळा हा झोका चालू असतो. पण टोपी तीनशे अंशांच्या वर तापल्याशिवाय काम करत नाही, म्हणून आत एक हीटर असतो. हा हीटर लक्षात ठेवा, पुढे तो परत येणार आहे.

ईसीयू पेट्रोल किती वाढवतोय किंवा कमी करतोय याची तो स्वतः नोंद ठेवतो. तिला फ्यूएल ट्रिम म्हणतात. शून्याच्या आसपास असली की सगळं ठीक. उणे-अधिक दहा टक्क्यांपर्यंत आम्ही फार डोकं लावत नाही. त्यातही आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं; इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या गाड्यांत ही ट्रिम थोडी वरच्या बाजूला दिसते. तेवढ्यावरून कोणी "मिश्रण लीन आहे, सेन्सर बदला" म्हणालं तर थांबा.

गुरुजींच्या गाडीचं इंजिन गरम केलं, स्कॅनरवर ट्रिम बघितली. गाडी उभ्या उभ्या आयडलिंगला चालू असताना अधिक २४ टक्के. आता रेस करून अडीच हजार आरपीएमला धरली : अधिक ४. इथे आमचा भाऊ म्हणाला, "हवा आत शिरतीय कुठून तरी." कसं कळलं? एखाद्या पाइपला चीर गेली असेल, तर त्यातून शिरणारी हवा साधारण तेवढीच असते. आयडलिंगला इंजिन स्वतःच कमी हवा घेतं, म्हणून ही चोरटी हवा त्यात मोठा वाटा होऊन बसते. इंजिन जोरात चाललं की खरी हवा खूप वाढते आणि चोरटी हवा त्यात हरवून जाते. याच्या उलट, आयडलिंगला ठीक आणि लोड आल्यावर ट्रिम चढत गेली, तर संशय पेट्रोल पंपावर, फिल्टरवर किंवा मळलेल्या एअरफ्लो सेन्सरवर जातो. सेन्सर खरंच चुकीचं सांगत असता, तर असा आरपीएमप्रमाणे बदलणारा फरक सहसा दिसला नसता.

एक गोष्ट मध्येच सांगायला हवी. हा नियम एअरफ्लो मीटरवाल्या गाड्यांचा. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत हवा थेट न मोजता मॅनिफोल्डमधला दाब मोजतात. तिथे चीर पडली की मिश्रण लीन होण्यापेक्षा आयडलिंगच चढलेलं दिसतं. म्हणून मोबाइलवर व्हिडिओ बघून जो तो सगळ्या गाड्यांना एकच नियम लावतो, त्याच्यावर विश्वास ठेवताना जपून.

मग इनटेकमध्ये धुराचं मशीन लावलं. पाच मिनिटांत मॅनिफोल्डच्या खालून धुराची बारीक रेघ वर आली. क्रँककेसचा रबरी पाइप, क्लिपच्या जागी चिरलेला. वरून बघितला तर धडधाकट. पाइप, दोन क्लिप, तपासणी आणि मजुरी मिळून १,४०० रुपये झाले. कोड पुसला, गुरुजींना म्हटलं आठवडाभर चालवून परत या. परत आले तेव्हा ट्रिम अधिक ५ आणि दिवा बंद.

आता यात सर्व्हिस सेंटरनं फसवलं असं आम्ही म्हणत नाही. त्यांच्याकडे दिवसाला चाळीस गाड्या येतात. स्कॅनर लावणारा मुलगा वेगळा, एस्टिमेट लिहिणारा वेगळा, आणि गाडीखाली जाणारा तिसराच. कोडात "लीन" हा शब्द दिसला की यादीतून ऑक्सिजन सेन्सर निघतो. पार्ट बदलणं हे काम त्यांना सोपं आहे, कारण त्याला ठरलेला वेळ आणि ठरलेली किंमत आहे. शोधणं हे काम अवघड, कारण त्याला किती वेळ लागेल हे आधी कोणीच सांगू शकत नाही. आणि आपण गिऱ्हाईक तरी काय करतो? शोधायचे पाचशे-हजार मागितले की म्हणतो, "बघायचे कसले पैसे?" मग ते पैसे पार्टात घालून घेतले जातात, आणि पार्ट बदलल्याशिवाय पार्टाचे पैसे मिळत नाहीत. तपासणीचे पैसे वेगळे द्यायची सवय आपल्याकडे लागली, तर निम्मे सेन्सर वाचतील, असं आमचं मत आहे. आमचा धंदा त्यात आहे म्हणून म्हणतो असं कुणाला वाटलं तर तेही खरं आहे.

ही ओबीडीची पद्धत आली कुठून? अमेरिकेत कॅलिफोर्नियानं धुराच्या नियमांसाठी १९८८ पासून गाड्यांना स्वतःची तपासणी स्वतः करायला लावली, आणि १९९६ पासून तिथल्या सगळ्या नव्या गाड्यांना एकसारखा सोळा पिनांचा सॉकेट आणि एकसारखे कोड आले. आपल्याकडे ओबीडी-२ कारना २०१३ पासून सक्तीचं झालं. म्हणजे हा दिवा मुळात धुरासाठी आहे. इंजिन मरायला टेकलंय का हे सांगायला तो जन्मलाच नाही. म्हणूनच कधी तो क्षुल्लक गोष्टीला लागतो आणि कधी मोठ्या गोष्टीला लागतच नाही.

हे दुसरं जे आहे, कधी लागतच नाही, तिथे आमची चूक आहे. ती सांगतो.

एक टुरिस्टवाला भाऊ आमच्याकडे येतो. कोल्हापूर-रत्नागिरी, आठवड्याला तीन-चार फेऱ्या. त्याची तक्रार : गाडी गरम झाल्यावर कधीतरी अचानक बंद पडते, अर्धा तास थांबलं की काही झालंच नाही अशी चालू होते. आम्ही स्कॅनर लावला, एकही कोड नाही. लक्षण क्रँक सेन्सरचं होतं. क्रँकशाफ्ट कुठे फिरतोय हे ईसीयूला कळवणारा हा सेन्सर; तो गप्प झाला की स्पार्क कधी द्यायचा आणि पेट्रोल कधी सोडायचं हेच इंजिनाला कळत नाही, आणि ते जागच्या जागी बंद होतं. आतली तार गरम झाल्यावर तुटते, थंड झाल्यावर जुळते, असं पुष्कळ वेळा होतं. आम्हाला हे माहीत होतं. पण सेन्सर गिअरबॉक्सच्या बाजूला अडचणीत, पार्ट आणि मजुरी मिळून ९,००० च्या घरात, आणि पुरावा हातात नाही. तो म्हणाला, "दादा, सीझन आहे, पुढच्या महिन्यात करू." आम्ही म्हटलं, "बरं, परत झालं तर आण."

परत झालं. जुलै महिना, रात्री, आंबा घाट, उतारावर, मागे चार पॅसेंजर. इंजिन बंद झालं की दोन गोष्टी होतात. स्टिअरिंग एकदम जड होतं. आणि ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन वेळा दाबेपर्यंत उरते, मग पेडल दगडासारखं घट्ट. त्यानं हँडब्रेक ओढून गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारीला लावली. मागून ट्रक येत होता, तो थांबला. कुणाला काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी टोचन करून गाडी आली, आणि तो आमच्याशी भांडलाही नाही. फक्त म्हणाला, "तुम्हाला माहीत होतं ना?"

तेव्हापासून आम्ही पैशांच्या आधी एक वेगळा प्रश्न विचारतो : हा सेन्सर गेला तर गाडी काय करेल? याचं उत्तर वेगवेगळ्या सेन्सरांचं अगदी वेगळं आहे, आणि किमतीशी त्याचा काही संबंध नाही. क्रँक सेन्सर गेला तर गाडी रस्त्यात थांबते. कूलंटचा तापमान सेन्सर स्वस्तातला, पण तो चुकीचं सांगू लागला तर पंखा वेळेवर फिरत नाही आणि हेड गॅस्केट जातं. तिथे हजाराची टाळाटाळ पन्नास हजारांना पडू शकते. याउलट कन्व्हर्टरच्या पुढचा, म्हणजे सायलेन्सरकडचा ऑक्सिजन सेन्सर महाग असतो. तो बहुतेक गाड्यांत कन्व्हर्टरवर नुसती नजर ठेवतो. त्याचा कोड आल्यावर महिनाभर थांबून, पैसे जमवून, नीट पार्ट शोधून बदलला तर सहसा काही बिघडत नाही. इंजिनाकडचा ऑक्सिजन सेन्सर या दोन्हींच्या मधला. गाडी चालते, पण ईसीयू अंदाजानं पेट्रोल देतो, अ‍ॅव्हरेज पडतं, आणि फार दिवस पेट्रोल जास्त जळत राहिलं तर कन्व्हर्टर तापून खराब होतो. कन्व्हर्टरची किंमत विचारून बघा, मग सेन्सर स्वस्त वाटेल.

आणि दिवा लुकलुकत असेल तर? तर इंजिन मिसिंग करतंय आणि न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतंय. तेव्हा हिशेब नंतर. आधी वेग कमी करा आणि गाडी बाजूला घ्या. स्थिर पिवळा दिवा म्हणजे लवकर दाखवा, लुकलुकणारा म्हणजे आत्ता थांबा. लाल दिवा, तेलाच्या किटलीचा किंवा तापमानाचा, तो सेन्सरचा विषयच नाही. तिथे इंजिन लगेच बंद.

आता समजा तपासणी झाली आणि सेन्सर खरोखरच गेलाय. ही वेळही गुरुजींवरच आली, साधारण आठ महिन्यांनी. या वेळी कोड पी ०१३५. म्हणजे इंजिनाकडच्या ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरचं सर्किट. मघाशी म्हटलं होतं ना, हीटर लक्षात ठेवा. असा कोड आला की पहिल्यांदा फ्यूज बघायचा. मग कपलर काढून वायर बघायच्या, कारण पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली ऊब शोधत येतात आणि वायर कुरतडतात. तुम्हाला खोटं वाटेल, पण पावसाळ्यात आमच्याकडे येणाऱ्या "सेन्सर खराब" गाड्यांत उंदरांचं काम बरंच असतं. मग कपलरला १२ व्होल्ट येतात का ते मल्टिमीटरनं बघायचं, आणि शेवटी सेन्सरच्या हीटरचा रोध मोजायचा. चांगल्या हीटरला काही ओहम दाखवतो. गुरुजींच्या सेन्सरला मीटर काहीच दाखवेना, म्हणजे आतली तार तुटलेली. दहा मिनिटांचं काम, आणि आता आमच्याकडे पुरावा होता. गुरुजींना मीटर दाखवला. शाळेत विज्ञान शिकवलेलं, त्यामुळे समजावून सांगावं लागलं नाही. तेच आम्हाला दोन गोष्टी समजावून गेले.

(हशा)

मग पार्ट कुठला. शोरूमच्या डब्यातला ११,८०० रुपयांना. त्याच सेन्सरच्या मूळ कंपनीच्या डब्यातला, स्पेअरच्या दुकानात, ५,२०० ला. गाडीची कंपनी सेन्सर स्वतः बनवत नाही. तो बॉश, डेन्सो किंवा एनटीके यांच्यासारख्यांकडून येतो. जुन्या सेन्सरवर बनवणाऱ्याचं नाव आणि नंबर कोरलेला असतो, तो फोटो काढून दुकानात दाखवायचा. तिसरा, नाव नसलेला, १,६०० ला. आणि चौथा भंगारातला, ८०० ला. आम्ही दुसरा सुचवला. तिसऱ्यात कधी कधी फक्त वायरी येतात आणि जुना कपलर कापून जोडावा लागतो. तिथे एक गंमत आहे : काही सेन्सर बाहेरची तुलनेची हवा वायरच्या आतूनच ओढतात. जोड सोल्डरनं बंद केला की सेन्सरचा श्वास कोंडतो आणि नवा सेन्सर पहिल्या दिवसापासून चुकीचं सांगतो. भंगारातला घेऊ नये, कारण तो किती चाललाय आणि कशानं मेला हे कळत नाही. शोरूमचा घ्यायचा कधी? गाडी वॉरंटीत असेल तेव्हा, किंवा बाजारात तोच नंबर खात्रीनं मिळत नसेल तेव्हा. बनावट डबे येतात, म्हणून बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्या.

आणखी एक प्रश्न विचारायचा राहतो, तो बरेच जण विचारत नाहीत : हा मेला कशानं? दीड लाख किलोमीटर झाले असतील तर वयानं, मग ठीक. पण सत्तर हजारांत दुसरा सेन्सर जात असेल तर कारण वेगळं आहे. इंजिन तेल जाळत असेल, गॅस्केटमधून कूलंट आत जात असेल, किंवा कुणी गॅस्केटच्या जागी साधा सिलिकॉन फासला असेल, तर टोपीवर थर बसतो आणि सेन्सर आंधळा होतो. कारण न काढता नवा बसवला तर तोही त्याच वाटेनं जातो.

गुरुजींचा हिशेब सेन्सर, मजुरी सगळं धरून ६,३०० ला मिटला. आणि विकू का हा त्यांचा पहिला प्रश्न? त्याचं उत्तर आम्ही असं दिलं की दीड लाखाच्या गाडीला ६,३०० जास्त की कमी हे बघू नका. असं बघा की विकली तर दुसरी घ्यायला लागेल ती कितीला, आणि त्या अनोळखी गाडीत काय निघेल हे कोणाला माहीत? या गाडीचं इंजिन, क्लच, गंज, सगळं आम्हाला माहीत होतं, आणि ते चांगलं होतं. तेच इंजिन तेल पीत असतं, गिअर अडकत असता, तर आम्ही म्हटलं असतं की गुरुजी, सेन्सरला हात लावू नका, या पैशांत आता विकायचं बघा. एकाच बिलाचं उत्तर दोन गाड्यांना दोन येतं.

डिझेलवाल्यांसाठी थोडं. बीएस-६, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांत धुराच्या सेन्सरांची संख्या वाढली. फिल्टरच्या दोन्ही बाजूंचा दाब मोजणारा, तापमानाचे दोन-तीन, आणि ज्यात यूरियाचं डीईएफ भरावं लागतं त्यांत नॉक्स सेन्सर. नॉक्स सेन्सर खरोखर महाग आहे, आणि काही गाड्यांत या यंत्रणेचा बिघाड दुरुस्त केला नाही तर ठरावीक अंतरानंतर इंजिन पुन्हा चालूच होत नाही. म्हणजे इथे थांबण्याची चैन नाही. तरीही पहिलं काम तेच : कपलर, वायर, दाबाचा रबरी पाइप. दाबाच्या सेन्सरचा बारीक पाइप तुटल्यामुळे अख्खा फिल्टर बदलायचं एस्टिमेट आलेली गाडी आम्ही बघितलीय.

आणि "सॉफ्टवेअरमधूनच उडवून टाकतो, परत दिवा लागणार नाही" असं सांगणारे भेटतात. करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल चालत नाही, वॉरंटी जाते, आणि खरा बिघाड झाला की सांगणारा कोणी उरत नाही. तो धूर शेवटी आपल्याच गल्लीत येतो, ते वेगळंच.

आता प्रश्न घेऊ.

प्रश्न : स्वतःजवळ स्कॅनर ठेवावा का?

हो, ठेवा. मोबाइलला ब्लूटूथनं जोडणारा छोटा अ‍ॅडॉप्टर हजार-दीड हजारात येतो. त्यावर कोड दिसतो, ट्रिम दिसते, आणि दिवा लागला त्या क्षणी इंजिन किती गरम होतं, वेग किती होता याचा गोठवलेला फोटोही मिळतो. गॅरेजला जायच्या आधी या सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. एक करू नका : आधीच कोड पुसून गॅरेजला येऊ नका. पुसला की तो फोटोही जातो, आणि मग आम्ही चाचपडत बसतो.

प्रश्न (ऑनलाइन, न्यू जर्सीहून) : इथे मेकॅनिकची मजुरी फार आहे. वॉरंटीत बसतं का?

तिकडे संघराज्याच्या नियमानुसार धुराच्या यंत्रणेची वॉरंटी साधारण दोन वर्षं किंवा २४,००० मैल असते, पण कन्व्हर्टर आणि ईसीयूची ८ वर्षं किंवा ८०,००० मैल. साधा ऑक्सिजन सेन्सर त्या मोठ्या मुदतीत सहसा येत नाही. पण कोड कन्व्हर्टरचा असेल आणि गाडी आठ वर्षांच्या आतली असेल, तर पैसे भरण्यापूर्वी डीलरला विचाराच. आणि तिकडे तपासणीला जाण्याच्या आदल्या दिवशी कोड पुसून उपयोग नाही. पुसल्यावर गाडीच्या आतल्या चाचण्या पूर्ण व्हायला काही दिवस चालवावी लागते. त्या अपुऱ्या दिसल्या की परत पाठवतात.

प्रश्न : मेकॅनिकला "कशावरून" विचारलं तर तो चिडतो. काय करायचं?

विचारण्याची पद्धत असते. "तुम्हाला काय कळतं" अशा सुरात विचारलं तर आम्हीही चिडतो. असं म्हणा : "भाऊ, तपासायचे वेगळे पैसे देतो. मीटरवर किंवा स्कॅनरवर मला एकदा दाखवा, आणि जुना पार्ट डब्यात घालून परत द्या." चांगला मेकॅनिक यावर खूश होतो, कारण त्याच्या शोधण्याला कोणीतरी किंमत दिली. जो दाखवायला तयार नाही, त्याच्याकडून एस्टिमेट लेखी घ्या आणि तो कागद घेऊन दुसरीकडे जा. गुरुजींनी तेच केलं होतं, खिशात घडी करून. तो ३४,००० चा कागद आम्ही त्यांच्याकडून मागून घेतला, गॅरेजमध्ये टेबलाच्या काचेखाली ठेवलाय. नवीन मुलगा कामाला लागला की पहिल्या दिवशी त्याला तो वाचायला देतो.